परसातल्या संडासापर्यंतची वाट : मराठवाड्यातील एका जुन्या घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवरील एका गावात राहणाऱ्या वृद्ध दाम्पत्याचे हे प्रकरण आहे. पती ८१ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पत्नी ७५ वर्षांच्या. मुले त्यांना अण्णा आणि बाई म्हणतात, म्हणून येथेही तीच संबोधने ठेवली आहेत. ओळख पटेल असे तपशील मात्र बदलले आहेत. मुलगा पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, मुलगी लातूरला दिलेली आहे आणि शेती बटाईने लावलेली आहे. प्रस्तुत लेखक घरी जाऊन फिजिओथेरपी देण्याचे काम करतो आणि या कुटुंबाशी त्याचा संबंध बाईंच्या शस्त्रक्रियेनंतर आला.

घर दोन काळांतले आहे. पुढचा भाग जुना : उंच उंबऱ्याचा दरवाजा, ढाळज (दरवाजालगतची बैठकीची जागा), फरसबंदी चौक, दीड फूट उंचीच्या जोत्यावरची ओसरी आणि तिच्यामागे माजघर. भिंती दगड-मातीच्या, दोन हातांहून थोड्या कमी जाडीच्या, आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर माती घालून केलेले सपाट छप्पर. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात मागची भिंत ढासळली, तेव्हा माजघरामागचा भाग उतरवून तेथे विटा-सिमेंटच्या दोन स्लॅबच्या खोल्या बांधल्या गेल्या. एकीत स्वयंपाकघर व देवघर आले, दुसरीत धान्याची पोती. परसात न्हाणी आधीपासून होती. स्वच्छ भारत अभियानाच्या काळात तिच्या शेजारी दोन खड्ड्यांचा संडास बांधला गेला.

मागील पावसाळ्याच्या अखेरीस एका रात्री वीज गेलेली असताना बाई लघवीसाठी उठल्या आणि माजघरातून परसाकडे जाणाऱ्या बोळीत पाण्याच्या पिंपाशेजारी पडल्या. उजव्या मांडीच्या हाडाची मान मोडली. शहरातील रुग्णालयात, लोक ज्याला ‘बॉल बदलणे’ म्हणतात ती शस्त्रक्रिया झाली आणि बाईंना तेथून लातूरला मुलीकडे नेण्यात आले. पहिले तीन महिने उकिडवे बसू नये, मांडी घालू नये आणि खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकवू नये, अशी सूचना डॉक्टरांनी दिली होती. ज्या घरात न्हाणीपासून चुलीपर्यंत सगळे व्यवहार जमिनीलगत होतात, तेथे ही सूचना पाळायची म्हणजे घराची मांडणीच बदलावी लागणार होती.

अडचण नेमकी कोठे होती

मुलाच्या मते अडचण चौकात होती. ओसरीच्या पायऱ्या उंच व ओबडधोबड आहेत, तेथे उतार करावा आणि घरभर नव्या टाइल्स बसवाव्यात, असे त्याने ठरवले होते. टाइल्सची खोकी ढाळजेत येऊनही पडली होती. त्या चकचकीत होत्या आणि ओल्या झाल्या की त्यांवर तरण्या माणसाचाही पाय ठरला नसता.

घराची पाहणी करताना आम्ही दरवाजापासून सुरुवात न करता बाईंच्या खाटेपासून केली. त्या रात्री किती वेळा उठतात, कोणत्या बाजूने पाय खाली सोडतात, कशाला धरतात, दिवा लावतात की अण्णांची झोप मोडू नये म्हणून अंधारातच जातात, हे मुलीकडून आणि अण्णांकडून विचारून घेतले आणि मग ती वाट अंधारात चालून पाहिली. खाट ते संडास हे अंतर सुमारे १४ मीटर भरले. त्यात पाच ठिकाणी पातळी बदलत होती : माजघराचा उंबरा, बोळीची उतरती पायरी, परसात उतरण्याची पायरी, संडासाच्या जोत्याची पायरी आणि आतील भांड्याचा उंचवटा. वाटेत धरण्यासारखे काहीच नव्हते. माजघरातील बाज मध्ये खोल गेलेली होती, त्यामुळे उठतानाच तोल पुढे जात असे. संडासाचे दार आत उघडणारे होते. आत कोणी पडले असते तर त्याच्याच शरीराने दार अडले असते आणि बाहेरून उघडण्यासाठी ते तोडावे लागले असते.

या वाटेवरील सर्वांत धोक्याची गोष्ट मात्र बांधकामाची नव्हती, पाण्याची होती. गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते. उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नसतो. त्यामुळे बोळीत दोन पिंपे, हंडे, कळशा आणि एक रांजण अशी ओळ लागलेली होती. बोळ मुळात तीन फुटांची, त्यातली अर्धी पाण्याने व्यापलेली. जमीन कायम ओली आणि प्रत्येक वेळी तांब्याने पाणी घेण्यासाठी वाकावे लागायचे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्या भागातील माणसाला ‘घरात पाणी साठवू नका’ असे सांगणे व्यर्थ आहे. साठवण राहणारच होती. प्रश्न एवढाच होता की ती चालण्याच्या वाटेवर असावी की नाही.

दोन गोष्टी घराच्या बाहेरच्या होत्या, म्हणजे शरीराच्या होत्या. झोपून मोजलेला बाईंचा वरचा रक्तदाब १४८ होता आणि उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत तो १२२वर आला. अशी २० किंवा त्याहून अधिक घसरण आली की उठताच चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो. शिवाय लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी त्या रात्रीच्या जेवणानंतर घेत होत्या. रात्री तीनदा उठण्याचे कारण बरेचसे त्या गोळीत होते. गोळ्यांची चिठ्ठी आणि या नोंदी त्यांच्या डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी ती गोळी सकाळी घेण्यास सांगितले आणि दुसऱ्या औषधाची मात्रा कमी केली. त्यानंतर रात्रीचे उठणे एकदा, फार तर दोनदा, एवढ्यावर आले. एकही वीट न हलवता धोका निम्म्याने उतरला असे म्हटले तरी चालेल. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती, दुसऱ्याची राहिली होती. ती पुढे उरकण्यात आली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुण्याचा होता. मुलाच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि रुग्णालय जवळ आहे. तथापि मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात आणि दिवसभर दोन वृद्ध माणसे बंद सदनिकेत एकटी राहिली असती. अनोळखी घरात रात्री अंधारात उठणे हाही एक धोकाच आहे. अण्णांनी नकार दिला. बाईंनी थेट नकार दिला नाही, पण “तिथं माझ्याशी बोलतंय कोण दिवसभर?” एवढेच विचारले, आणि त्या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते.

दुसरा पर्याय मुलाच्या मनातील होता : चौकात नवी खोली, तिला जोडून संडास-न्हाणी आणि दरवाजापासून उतार. गावच्या गवंड्याने चार लाखांचा अंदाज दिला. उताराचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा तो बेत बाजूला पडला. उंची जेवढी असेल तिच्या किमान बारापट उताराची लांबी ठेवावी लागते. ओसरीचे जोते ४५ सेंटीमीटर असल्याने उतार ५ मीटर ४० सेंटीमीटर लांबीचा करावा लागला असता, आणि चौक त्याहून लहान होता. जागेत बसवण्यासाठी उतार आखडला असता तर तो पायरीपेक्षा अधिक धोक्याचा ठरला असता. गावोगावी शाळा-कार्यालयांपुढे असे घसरगुंडीसारखे उतार दिसतात; चाकाची खुर्ची त्यांवरून वर नेता येत नाही आणि काठी घेतलेला माणूस खाली उतरताना घाबरतो.

तिसरा पर्याय खाटेशेजारी भांड्याची खुर्ची ठेवण्याचा होता. खर्च सर्वांत कमी, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत तो लातूरला वापरलाही गेला. कायमचा उपाय म्हणून बाईंनी तो झिडकारला, कारण भांडे रिकामे करण्याचे काम ८१ वर्षांच्या अण्णांवर पडले असते आणि ती कल्पना दोघांनाही सहन होण्यासारखी नव्हती. आजारपणातील सोय म्हणून खुर्ची ठेवायची, एवढे मान्य झाले.

चौथा पर्याय घरात संडास बांधण्याचा. रिकामी जागा स्वयंपाकघरालगत होती, म्हणजे संडासाची आणि देवघराची भिंत एक झाली असती. बाई म्हणाल्या, “देवाच्या भिंतीला संडास लावून मला ह्या घरात जेवण जायचं नाही.” हा आक्षेप समजूत घालून मोडून काढण्याजोगा नव्हता, आणि तसा प्रयत्न करणे आम्हाला योग्यही वाटले नाही. वापरणाऱ्याला जी सोय मनातून नकोशी आहे, ती बांधून झाली तरी तिच्याकडे पाठ फिरवली जाते आणि माणूस पुन्हा जुन्याच वाटेने परसात जाऊ लागतो.

मार्ग निघाला तो पोत्यांच्या खोलीतून. ही खोली स्लॅबची, भिंत नऊ इंची विटांची, देवघरापासून दूर, आणि तिच्या मागच्या भिंतीपासून परसातील संडास अवघ्या दोन मीटरवर होता. त्या भिंतीत एक खिडकी होती. संडास घरात आणण्याऐवजी खाट संडासाजवळ नेता येईल, हे ध्यानात आल्यावर पुढचा सगळा विचार सोपा झाला. अर्थात, माजघरातली जागा सोडायची हा निर्णय बाईंचा होता. त्यांनी दोन दिवस घेतले आणि रात्रीच तेथे झोपायचे, दिवसा उठबस ओसरीवरच, या अटीवर होकार दिला.

प्रत्यक्ष काम

बाई लातूरला असल्याने कामाला सुमारे दोन महिने मिळाले. खिडकीखालची भिंत काढून तेथे दार करण्यात आले. खिडकीवरचा लिंटेल (वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी) तसाच राहिल्याने भिंतीला धक्का लागला नाही. खोलीचे जोते ४५ सेंटीमीटर आणि संडासाचे ३० सेंटीमीटर उंच होते, म्हणजे फरक १५ सेंटीमीटरचा आणि मधले अंतर दोन मीटरचे. जो उतार चौकात बसत नव्हता तो येथे नेमका बसला. दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, वर पत्रा आणि खाली बिनपॉलिशची खरबरीत शहाबादी घालून झाकलेली वाट तयार झाली. खाट ते संडास हे अंतर आता साडेचार मीटर आहे आणि वाटेत एकही पायरी नाही. संडासाच्या आतील उंचवट्याभोवती भराव घालून तीही पातळी सारखी केली.

संडासात पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड बसवावा असा मुलाचा आग्रह होता. त्याच्या टाकीला एका वेळी सहा ते दहा लिटर पाणी लागते. ग्रामीण संडासाचे तीव्र उताराचे भांडे दोन-तीन लिटरांत स्वच्छ होते. पाण्याची ओढ असलेल्या घरात कमोड बसवला की उन्हाळ्यात टाकी कोरडी पडते आणि मग जड बादल्या उचलून ओताव्या लागतात, म्हणजे सोयीसाठी केलेल्या गोष्टीतून नवे ओझे तयार होते. म्हणून भांडे तेच ठेवून त्यावर मधोमध उघड्या बैठकीची स्टीलची खुर्ची बसवली आणि तिचे पाय जमिनीत पक्के केले. या खुर्चीचेही एक लहानसे प्रकरण झाले. बाजारातून आणलेली खुर्ची ५० सेंटीमीटर उंच होती. बाईंची उंची पाच फुटांच्या आत असल्याने त्यांचे पाय अधांतरी राहत आणि उठताना जमिनीवर जोर देता येत नसे. गुडघ्याच्या मागच्या वळीपासून टाचेपर्यंतचे माप घेऊन, खुबा अधिक वाकणार नाही इतपत त्याहून किंचित उंच, म्हणजे ४३ सेंटीमीटरवर बैठक आणण्यात आली. उंची माणसाची मोजून ठरवावी, खुर्चीच्या खोक्यावर छापलेली पाहून नव्हे.

दाराच्या बिजागऱ्या उलट करून ते बाहेर उघडणारे केले आणि कडीऐवजी बाहेरूनही सोडवता येईल असा खटका लावला. सुताराचे हे अर्ध्या दिवसाचे काम होते. संपूर्ण यादीतील एकच गोष्ट करता येणार असती, तर आम्ही बहुधा हीच निवडली असती.

धरायच्या दांड्यांनी मात्र बराच विचार करायला लावला. नव्या वाटेच्या विटांच्या भिंतींत त्या सहज बसल्या : सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाच्या, मुठीत पुऱ्या येणाऱ्या, भिंतीपासून दोन बोटांहून थोड्या अधिक अंतरावर. पुढच्या जुन्या भागात ते शक्य नव्हते. दगड-मातीच्या भिंतीला आतून आणि बाहेरून दगडांचे दोन थर असतात आणि मध्ये माती व भराव असतो; किल्लारीच्या भूकंपात याच रचनेच्या भिंती फुटून वरचे जड माळवद माणसांवर आले होते. अशा भिंतीत ड्रिलने भोक पाडले तर खिळा पकड घेत नाही आणि दगड सैल होण्याची भीती असते ती वेगळीच. माणसाने सगळा भार टाकला आणि दांडी भिंतीतून उपटून आली, तर दांडी नसलेली बरी. म्हणून ओसरीच्या पायऱ्यांशी जमिनीत दीड फूट खोल काँक्रीट भरून लोखंडी पाइप उभे केले आणि वरचे टोक ओसरीच्या सागवानी खांबाला पट्टीने आवळले. शहरी माहितीपुस्तिकांत भिंत विटांची, पाणी नळाला चोवीस तास आणि संडास कमोडचा, हे गृहीतच धरलेले असते. त्या पुस्तिका चुकीच्या नाहीत. त्या दुसऱ्या घरासाठी लिहिलेल्या आहेत.

ओसरीच्या दोन उंच पायऱ्यांच्या जागी १५ सेंटीमीटर उंचीच्या तीन रुंद पायऱ्या आल्या आणि प्रत्येकीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. वॉकर पायऱ्यांवर नेता येत नाही, म्हणून एक आत आणि एक चौकात अशी दोन वॉकरची व्यवस्था केली.

पाण्यासाठी परसात लोखंडी घोडीवर ५०० लिटरची टाकी बसवली. नळाला पाणी आले की लहान मोटरने ती भरते आणि तिच्यातून संडासात व न्हाणीत कमरेच्या उंचीवर तोटी येते. पिंपे न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला गेली. बोळ रिकामी आणि कोरडी झाली. वीज जाण्यावर उपाय म्हणून वीज गेल्यावरही काही तास जळणारे बॅटरीचे बल्ब खोलीत, वाटेत आणि संडासात लावले. बाजेऐवजी टणक गादीचा दिवाण आला. बाई खाटेवरून हाक मारतील ती अण्णांना ऐकू येत नाही, हे पाहणीतच दिसले होते. म्हणून बाईंच्या उशाशी बटण आणि अण्णांच्या उशाशी आवाजाबरोबर दिवाही लुकलुकणारी बिनतारी घंटा ठेवली.

सगळ्याचा खर्च सुमारे एक लाख चाळीस हजार झाला. त्यातील मोठा वाटा वाट, दार आणि टाकी यांचा. अण्णांना निवृत्तिवेतन असल्याने सरकारी साहाय्य मिळण्याचा प्रश्न नव्हता. ज्यांचे कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आणि वय ६५ किंवा अधिक आहे, त्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे आणि संडासावरची खुर्ची किंवा वॉकर तेवढ्यात येतो. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, वॉकर, चाकाची खुर्ची यांसारखी साधने दिली जातात. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक आहे. चौकशी तेथून सुरू करता येते.

परिणाम

बाई घरी परतल्याला आता वर्ष होत आले आहे आणि मधल्या काळात त्या पडलेल्या नाहीत. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसण्याच्या चाचणीला सुरुवातीला ३४ सेकंद लागत होते, आता १८ लागतात. १२ किंवा त्याहून अधिक सेकंद लागणे हे पडण्याच्या धोक्याचे लक्षण मानले जाते, म्हणजे धोका संपलेला नाही. घरात त्या काठीवर चालतात, चौकात वॉकरवर.

ठरवलेले सगळेच वापरात आले असे नाही. आंघोळीच्या पाटाऐवजी दिलेल्या उंच स्टुलावर पहिले काही आठवडे बादली ठेवली जात होती आणि बाई उभ्याने आंघोळ करीत होत्या. मुलीने चार दिवस राहून स्वतः अंघोळ घातली तेव्हा स्टूल बसण्यासाठी आहे हे अंगवळणी पडले. ओसरीच्या पाइपवर लुगडी वाळत पडू लागली, आणि ओल्या लुगड्यावरून हात सटकतो हे समजावून सांगूनही ती सवय पुरती गेलेली नाही. शेवटी परसात वेगळी तार बांधून दिली. वाटेतला बॅटरीचा बल्ब कोणीतरी काढून गोठ्यात लावला होता. घंटेचा उपयोग बाईंपेक्षा अण्णाच अधिक करतात : चहा हवा असला की.

अण्णांबद्दल एक नोंद आवश्यक आहे. सुरुवातीचे सारे लक्ष बाईंकडे होते, परंतु नव्या व्यवस्थेत पहिला ठेचकाळला तो अण्णांचा पाय, खाटेशेजारी आडव्या ठेवलेल्या वॉकरला. त्यानंतर दोघांच्या खाटांमध्ये अंतर वाढवले, वॉकरची जागा भिंतीशी खुणेने ठरवून दिली आणि अण्णांचाही रक्तदाब झोपून व उभ्याने मोजून घेतला.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे काम कोठून सुरू करायचे हा. दरवाजापासून सुरुवात झाली असती तर पैसा चौकात संपला असता आणि रात्रीची वाट तशीच राहिली असती. मुलाला दरवाजा दिसत होता, कारण तो पाहुण्यासारखा तेथूनच घरात येतो. आणलेल्या टाइल्स वाया गेल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला लागल्या.

रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच घराबद्दल कोणी चार प्रश्न विचारले असते, तर लातूरचा मुक्काम लवकर आटोपला असता. संडास कोठे आहे, तो बसका आहे का, मध्ये पायऱ्या किती आणि रात्री सोबत कोण, एवढे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचारता येते आणि नातेवाइकाच्या मोबाइलवरील छायाचित्रांवरून पुष्कळ कळते. त्याआधीचाही एक टप्पा हुकला होता : पडण्याच्या काही महिने आधी बाईंना उठताना दोनदा चक्कर आली होती आणि ती उन्हामुळे आली असे घरात ठरले होते. त्या वेळी उभ्याने रक्तदाब मोजला गेला असता तर गोळीची वेळ तेव्हाच बदलली असती.

वाटेवर पत्र्याऐवजी स्लॅब घ्यावा की नाही याबद्दल मतभेद होते आणि खर्च वाचवण्यासाठी पत्रा निवडला गेला. उन्हाळ्यात दुपारी ती जागा भट्टीसारखी तापते, म्हणून दिवसा बाई तिकडून जायचे टाळतात आणि संडास लांबणीवर टाकतात. परिणामी बद्धकोष्ठाची तक्रार वाढली. पत्र्याखाली बांबूचे तट्टे बसवण्याचे काम येत्या फाल्गुनाआधी व्हायचे आहे.

दरवाजाचा उंबरा अजून जागेवर आहे. तो कापण्यास बाईंचा ठाम विरोध असल्याने दोन्ही बाजूंना अर्ध्या उंचीची लाकडी पायरी आणि चौकटीला उभी दांडी हा तोडगा सुचवला आहे. चौकट सागवानी व भक्कम असल्याने दांडी तेथे बसेल. सुताराने माप घेतले आहे. पायरी सुटी ठेवायची की जमिनीला खिळवायची, यावर मुलगा आणि अण्णा यांचे एकमत व्हायचे आहे. आमचे मत खिळवावी असेच आहे, कारण सुटी पायरी झाडलोटीसाठी उचलली जाईल आणि परत ठेवताना ती दर वेळी त्याच जागी बसेल याची खात्री देता येत नाही.